काग तिहारचं पिठलं

विजयमाला समोरच्या दारात राहायला आली त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: ‘समोरचा फ्लॅट भरला. नवरा-बायको, साठीच्या आतबाहेर. सामान थोडं. दोन तांब्याच्या घागरी, एक शिवणयंत्र. सकाळी दहाला डाळ-भाताचा वास आला. दहाला जेवतात?’

प्रश्नचिन्ह माझंच. पाचगणीच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला रोज चार ओळी लिहायची सवय लावली होती. तारीख, हवा, काय पाहिलं आणि काय कळलं नाही. चौथी ओळ रिकामी ठेवायची नाही, असा नियम होता. शाळा सुटून साठ वर्षं झाली, यजमान जाऊन अकरा, पण ती ओळ मी अजून रिकामी ठेवत नाही.

दहाच्या भाताचं उत्तर आठवड्यानं मिळालं. ती विरजण मागायला आली आणि दारातच म्हणाली, “जेवला का काकी?” सकाळचे पावणेअकरा वाजले होते. मी म्हटलं, अजून कुकरसुद्धा लावला नाही. तेव्हा तिनं जीभ चावली.

“आवं, तिकडची सवय. तिकडं दहाला भात आन् सांजंला भात. मधी च्या. माणूस भेटला की पयला सवाल, भात खाल्ला का. तेत्तीस वर्षं तेच बोलले, आता जिभंला वळण न्हाई लागत.”

“तिकडं म्हणजे कुठं?”

“पाटण.”

मला सातारा जिल्ह्यातलं पाटण वाटलं. कोयनेच्या बाजूला दहाला जेवतात हे मला माहीत नव्हतं, तसं मी म्हणालेही. ती हसता हसता चौकटीला टेकली. तिचं पाटण काठमांडूला लागून होतं.

विट्याच्या बाजूची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, असा तो धंदा. कोणी मदुराईला असतं, कोणी गुवाहाटीला. तिचा नवरा कृष्णात त्याहून पुढं गेला. एकोणनव्वद साली त्यानं पाटणमध्ये एका गल्लीत भट्टी लावली आणि वीस-एकवीस वर्षांच्या विजयमालाला तिथं नेलं. ती म्हसवडची. लग्नाआधी तिनं सिद्धनाथाची जत्रा आणि एकदा सातारा, एवढंच जग पाहिलेलं. कृष्णातरावांचे गुडघे आणि छाती दोन्ही भट्टीनं धरले तेव्हा मुलानं सांगलीत विश्रामबागेत हा फ्लॅट घेऊन त्यांना परत आणलं. मुलगा स्वतः बंगळुरूला असतो.

मी तिच्यासाठी एक वेगळी वही केली. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, “काकी, मी काय शाळंतलं पुस्तक हाय व्हय?” पण नंतर तीच आठवण करून द्यायची. भाजी निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, “हे लिवलं का? दसऱ्याला तिथं मोठी माणसं लहानांच्या कपाळाला दह्यात कालवलेलं तांबडं तांदूळ लावत्यात. एवढं जाड. वाळल्यावर टपटपा पडतंय.” आपण घटाजवळ उगवलेले धान्याचे कोंब दसऱ्याला टोपीत खोचतो, तसेच तिथं जवाचे पिवळे कोंब कानावर खोचतात. पहिल्या वर्षी ते पाहून तिला वाटलं होतं, हे लोक आपल्याच गावचे असणार, नुसती बोली बदलली आहे.

“आन् तिथंच फसले,” ती म्हणाली. “दसरा आपल्यागत हाय, म्हंजी दिवाळी पण आपल्यागत आसंल, आसं वाटलं.”

ही फसण्याची गोष्ट मी तिच्याकडून तीनदा ऐकली. तिन्ही वेळा ती तशीच होती, म्हणून खरी धरते.

पाटणला घरमालकिणीला घरबेटी म्हणतात. विजयमालाची घरबेटी खाली राहायची, सगळे तिला आमा म्हणत. तिचा नवरा त्या महिन्यात डोंगरापलीकडे गावी गेला होता आणि त्याची तब्येत बरी नव्हती. धनत्रयोदशीच्या सुमाराची सकाळ. विजयमाला करंज्यांचं सारण भाजत होती. खिडकीतून तिला दिसलं, की आमा अंघोळ करून, ओल्या केसांनी गच्चीवर उभी आहे. हातात पानावर भात. तो कठड्यावर ठेवून ती कावळ्यांना हाका मारते आहे आणि कावळा आल्यावर हात जोडते आहे.

पितृपक्ष संपून महिना झालेला. ऐन दिवाळीत कावळ्याला घास ठेवायचा म्हणजे आपल्याकडे एकच अर्थ. विजयमालानं गॅस बंद केला. सारण तसंच ठेवलं. आपल्याकडे दुःख झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणि पाहुणे पिठलं-भाकरी नेऊन त्यांना घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. ज्वारीचं पीठ नव्हतं, तिनं तांदळाच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं आणि खाली जाऊन आमाच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली.

“आमा घाबरली. तिला वाटलं, माझंच कोण तरी गेलं. ती पण रडायला लागली.”

“मग?”

“मग काय. मला नेपाळी येत न्हवतं, तिला मराठी. दोघी रडतोय. हे आलं कामावरनं, हेंनी इचारलं. तवा कळलं, तिथं दिवाळीला तिहार म्हणत्यात, पाच दीस. पयला दीस कावळ्याचा. काग तिहार. कावळा यमाचा निरोप्या, म्हणून त्येला आधी जेवू घालायचं, म्हंजी वरीसभर वाईट सांगावा आणत न्हाई. दुसरा दीस कुत्र्याचा. त्येच्या गळ्यात माळ, कपाळाला टिळा. मग गाय, मग बैल, आन् शेवटी भाऊ.”

“आणि पिठलं?”

“आमानं खाल्लं. लय आवडलं. फुडच्या साली काग तिहारला सकाळी सकाळी जिन्यातनं हाक, ‘विजया, तिम्रो त्यो पहेँलो चीज खोइ?’ तुझं ते पिवळं कुठाय? तेव्हापास्नं दर साली. तिच्या सुना पण मागायच्या. त्येंच्या घरात तिहारचं पक्वान्न म्हंजी माझं कडू पिठलं. मी कवा सांगितलं न्हाई कशाचं हाय ते.”

मी पाचगणीत असताना नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला सगळ्या मुली बूट-मोजे घालून गेल्या आणि मी एकटी, देवळातल्यासारखी, चप्पल बाहेर काढून अनवाणी गेले होते. सिस्टरांनी आपले मोजे काढून मला दिले. हे मी विजयमालाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी तुमचं पण झालंय की पिठलं.”

तिच्या घरातली एक गोष्ट मात्र ती आपणहून सांगत नव्हती. पहिल्या भाऊबीजेला मी तिच्याकडे फराळाचं ताट घेऊन गेले तर बाहेरच्या खोलीत पाट मांडलेला, त्याभोवती रांगोळी, समोर निरांजन. दुपारी चार वाजता गेले तरी तसाच. संध्याकाळी तिनं तो उचलून ठेवला. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. माझ्या चौथ्या ओळीत लिहिलं आहे: ‘पाट कोणासाठी?’ विचारायला मला सहा महिने लागले.

पाट आकारामसाठी होता. आकाराम तिचा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, म्हसवडला राहतो. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा-सून पुण्याला.

दोन हजार चार साली श्रावणात यांची आई वारली. विजयमालाला निरोप पोहोचला, पण माओवाद्यांच्या नाकेबंदीमुळं काठमांडूच्या वाटा तेव्हा बंद होत्या. ती म्हसवडला पोहोचली ती चौदाव्या दिवशी. दहाव्याला माणगंगेच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. अकरा वाजले, बारा वाजले. माणसं उन्हात उभी. अशा वेळी गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते एकेकानं बोलायचं असतं, शब्द द्यायचा असतो. धाकट्या चुलत्यांनी सांगून पाहिलं, म्हशीचं सांगितलं, देवळाच्या पायरीचं सांगितलं. कावळे बाभळीवर बसून राहिले. शेवटी आकाराम पुढं झाला आणि म्हणाला, “आई, विजीला मी परत आणतो. नेपाळात ठेवत न्हाई.” आणि कावळा खाली आला.

“मी चौदाव्याला गेले तर दादानं हेच सांगितलं. म्हणला, चल आता, बिऱ्हाड हालीव. आवं काकी, पोराची शाळा, हेंची भट्टी. कसं हालवू? मी न्हाई म्हणलं. तवा दादा म्हणला, तू परत येईस्तवर तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई.”

“पण आता आलीस की परत.”

“तेच मी फोनवर म्हणलं. तर म्हणला, आईसाठी न्हाई आलीस, दाजींच्या गुडघ्यासाठी आलीस. आठरा वर्षांनी पाळलेला शब्द शब्द नसतोय. आन् फोन ठिवला. ते शेवटचं.”

ती गवारीच्या शेंगा मोडत होती. “यंदा पण पाट मांडणार हाय,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा न्हाई आला तर मात्र न्हाई मांडायची मी. पाटाला पण लाज वाटती.”

आता गेल्या दिवाळीचं सांगते. जे झालं त्यात माझा हात होता, हे आधी लिहून ठेवते.

पहिल्या दोन दिवाळ्यांना विजयमालानं काग तिहारचा भात आपल्या गॅलरीत ठेवला होता. पण आमच्या इमारतीच्या गॅलऱ्यांना कबुतरांसाठी जाळ्या आहेत. कावळा बाहेर येऊन बघायचा आणि जायचा. मला तो विधी पाहायचा होता. मीच म्हटलं, “गच्चीवर ठेव ना. मी पण येते.” धनत्रयोदशीला सकाळी सहा पन्नासला आम्ही दोघी वर गेलो. तिनं केळीच्या पानावर भात, वर तूप आणि एक सेल रोटी ठेवली. सेल रोटी म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं गोल कडं. तिचे केस ओले होते. ती कठड्याशी उभी राहून “आ, आ” करू लागली. आठ मिनिटांत तीन कावळे आले. सेल रोटी एकट्यानं पळवली.

त्याच वेळी लालासाहेब पाण्याची टाकी बघायला वर आले. ते सोसायटीचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहतात. त्यांनी पान पाहिलं, ओले केस पाहिले, जोडलेले हात पाहिले. आणि मला पाहिलं, शेजारी गंभीर उभी. मी गंभीर नव्हते, मोजत होते. ते टाकी न बघताच मागच्या पावली उतरले. मला ते जरा विचित्र वाटलं. पुढं जाऊन विचारायला हवं होतं. ती त्या दिवशीची माझी चूक.

लालासाहेबांनी विचार केला, तो त्यांनी नंतर मला सांगितला. कृष्णातराव आठवडाभर दिसले नव्हते (छातीच्या तपासणीसाठी मुलाकडे बंगळुरूला गेले होते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी परतले होते). म्हणजे तिकडेच काही तरी झालं, आणि बाईंनी सणात कोणाला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. दुःखाच्या घरी फोन करून विचारणं त्यांना बरं वाटेना. पण माहेरच्यांना तरी कळायला हवं. त्यांचे साडू म्हसवडचे. साडूंना त्यांनी फोन केला.

अकरा पस्तीसला मी दारात रांगोळी काढत होते. जिन्यातून एक उंच, वाकलेला माणूस वर आला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही, चपला खालीच काढलेल्या. हातात फडक्याचं गाठोडं. तो समोरच्या दारापुढं थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही. वर बघितलं, तिथं विजयमालाचा आकाशकंदील लटकत होता. त्यानं गाठोडं काखेत धरलं, हात वर करून कंदील काढला, त्याच्या शेपट्या नीट गुंडाळल्या आणि भिंतीशी उभा करून ठेवला. मग रांगोळीला वळसा घालून उंबऱ्याशी उभा राहिला आणि डोळ्यांना टॉवेल लावला.

मला पहिल्यांदा वाटलं, कंदील चोरायला आलेला माणूस रडतो कशाला?

“कोण पाहिजे?” मी विचारलं.

“मी भाऊ हाय तिचा,” तो टॉवेलातून म्हणाला. “कवा झालं?”

“काय कधी झालं?”

तेवढ्यात आतून विजयमाला आली, हातात झारा. चकल्या तळत होती. तिनं भावाला पाहिलं आणि झारा तसाच धरून उभी राहिली. आकारामनं झारा पाहिला, मग नाक वर करून वास घेतला. आणि तिच्यामागून अंघोळ करून, पंचा गुंडाळून कृष्णातराव आले. म्हणाले, “कोण आलंय गं? आरं, आकारामदा?”

आकाराम खाली बसला. उंबऱ्यावर नाही, जिन्याच्या पायरीवर.

“तुमी…” तो म्हणाला.

“दादा, काय झालं? घरी समदं बरं हाय न्हवं?” विजयमालानं झारा माझ्या हातात दिला.

“सकाळी कावळ्याला घास ठिवला तुमी,” आकाराम म्हणाला. “म्हसवडात समद्यांस्नी म्हाईत झालंय. दाजी गेले म्हणून.”

कृष्णातरावांनी स्वतःकडे एकदा पाहिलं. “बघा काकी,” ते मला म्हणाले, “मी मेलो ते मलाच शेवटाला कळतंय.”

मी त्या वेळी लालासाहेबांच्या मागच्या पावलांचा अर्थ लावत होते. मीच मग सगळं सांगितलं. काग तिहार, गच्ची, माझा आग्रह. माझं मराठी अशा वेळी फार नीटनेटकं होतं, पत्र वाचून दाखवल्यासारखं. आकारामनं पूर्ण ऐकून घेतलं.

“सणाच्या दिवशी जित्या माणसाच्या घरात कावळ्याला घास,” तो उठत म्हणाला. “हे शिकून आलीस व्हय तेत्तीस वर्षांत.”

“दादा, पाणी घे.”

“न्हाई.”

“आलास कशाला मग?”

“तू रांडमुंड झालीस आसं वाटलं म्हणून आलो. तवा काय रुसवा धरायचा?” तो गाठोडं उचलून पायरी उतरायला लागला. “तसं काय न्हाई, बरं झालं. दाजी, उदंड जगा.”

तो चार पायऱ्या उतरला असेल. विजयमाला पुढं झाली नाही, ओरडली नाही. जिथं होती तिथूनच ती म्हणाली, “आईलाच घालत व्हते मी घास.”

आकाराम थांबला, पण वळला नाही.

“तू नदीवर घातलास, मी न्हवते. मग दर साली तिथल्या तिहारला घातला. सतरा-आठरा वर्षं. आमा तिच्या यमाला सांगायची, मी आईला सांगायची. मराठीतनं. म्हणायची, येते गं, दादाला सांग, येते. पोराची दहावी झाली की येते, भट्टी इकली की येते. दर साली एक नवं कारण. तिला काय वाटलं आसंल कुणास ठाऊक.”

आकारामनं कठड्यावर हात ठेवला.

“शिवायचा का?” त्यानं विचारलं.

“काय?”

“कावळा. शिवायचा का?”

“व्हय.”

“थांबाय लागायचं?”

“न्हाई. पान ठिवायच्या आधीच हजर.”

“दर साली?”

“दर साली. पोट भरलेलं आसतंय त्येंचं त्या दिवशी, समदं गाव वाढतंय. तरी माझ्या पानातला एक घास उचलायचाच.”

तो चार पायऱ्या परत वर आला, पण दारापर्यंत नाही. बोलला तो माझ्याकडे बघून. बहुधा तिच्याकडे बघून बोलता येत नव्हतं.

“त्या दिवशी ऊन लय व्हतं,” तो म्हणाला. “माणसं कावली व्हती. मी बोललो आन् तो उतरला. हिला इचारलंच न्हवतं मी. हिचा संसार, हिचा नवरा, आन् शब्द दिला मी. आईशी खोटं बोलून कावळा उतरिवला, आसं एकवीस वर्षं डोक्यात हाय. मला वाटायचं, आई आजून तिथंच बाभळीवर बसलीय.”

“न्हाई बसली,” विजयमाला म्हणाली. “पाटणला यायची. सेल रोटी लय आवडायची तिला.”

कृष्णातराव म्हणाले, “दादा, मी पंच्यावर उभा हाय. आत या न्हाई तर मला तरी आत जाऊ द्या.”

आकाराम आत आला. पाट नव्हता मांडलेला, भाऊबीजेला वेळ होता. तो जमिनीवर बसला. गाठोडं मांडीवर. आता त्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. कडू घास घेऊन निघालेला माणूस तो परत नेत नाही, आणि दुःख नसलेल्या घरात तो उतरवतही नाही. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. मी चौथी ओळ मनात लिहून टाकली.

विजयमालानं गाठोडं त्याच्या मांडीवरून उचललं आणि सोडलं. आत चार भाकरी, प्रत्येकी बोटभर जाडीच्या, कडा जळलेल्या. डब्यात पिठलं, गुठळ्या झालेलं.

“कोणी केलं?”

“मीच. घरात कोण हाय? फौजेच्या लंगरात, रांधायच्या कामाला चार म्हैने काढलेत म्हणून जमलं तेवढं. आठला फोन आला, साडेआठला जीप सांगितली. दरम्यान केलं.”

ती डब्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि तिनं ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. ती पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आकाराम बावरला. “काय झालं हसायला? मीठ तरी बघितलंस का?”

“दादा, तिहारचं पिठलं आलं. आज पाटणमधी आमाच्या घरात समदी हेच खात आसतील.” आणि तिनं त्याला आमाची गोष्ट सांगितली. चौथ्यांदा ऐकली मी ती, या वेळी मात्र तिनं एक नवी ओळ घातली, की आमाच्या गळ्यात पडून रडताना तिला खरं तर आपली आई आठवत होती, घर सोडून तेव्हा सहाच महिने झाले होते.

आकाराम ऐकत होता. गोष्ट संपली तेव्हा त्यानं एक भाकरी मोडली, अर्धी बाजूला काढून ठेवली आणि म्हणाला, “ही कावळ्याला. हिच्यात आईचा वाटा.” उरलेली अर्धी त्यानं पिठल्यात बुडवली. तोंडापर्यंत नेली आणि थांबला.

“ही माझ्या घरची भाकरी हाय,” तो म्हणाला. “तुझ्या घरचं काय खात न्हाई मी. ध्यानात ठीव.”

“ठिवलं.”

त्यानं घास खाल्ला. चावायला बराच वेळ लागला, भाकरी तशीच होती. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला तो जरा घुटमळला, पिठल्याकडे पाहिलं, आणि बहिणीकडे न बघता म्हणाला,

“कांदा हाय का?”

विजयमाला आत गेली. मी दारातून पाहिलं, ती टोपलीतले कांदे चाचपत होती, एक घ्यायची, ठेवायची, दुसरा घ्यायची. शेवटी सगळ्यात मोठा आणला. त्यानं तो हातानं फोडला आणि खाल्ला. मग पाणीही प्याला. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

अर्धी भाकरी आम्ही गच्चीवर ठेवली. सांगायला हवं, की तिला कावळा शिवला नाही. सकाळीच पोट भरलेलं असणार. दुपारी दीडला आमच्या इमारतीतली पिवळी कुत्री वर गेली आणि ती भाकरी तिनं खाली आणून जिन्यात आरामात बसून खाल्ली. आकारामचा चेहरा पडला. विजयमाला म्हणाली, “खाऊ दे. उद्या तिचाच सण हाय.” जाता जाता आकारामनं कंदील पुन्हा टांगला. त्याला फौजी गाठ मारली होती. ती तुळशीच्या लग्नानंतर कोणालाच सुटेना, दोरा कापावा लागला.

लालासाहेब संध्याकाळी माफी मागायला आले. कृष्णातरावांनी त्यांना चकली दिली आणि म्हणाले, “तुमच्यामुळं बायकोचा भाऊ आला. पुढच्या वेळी मला मारायचं झालं तर आधी सांगा, मी दाढी तरी करीन.”

भाऊबीजेला आकाराम सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एसटीनं आला. विजयमालानं मला मुद्दाम बोलावलं होतं, वहीसकट. तिनं पाट मांडला. आधी दाराच्या उंबऱ्यावर अक्रोड ठेवला आणि दगडानं फोडायला लागली. तिथल्या रिवाजाप्रमाणे बहीण अक्रोड फोडते, म्हणजे भावावरचं संकट फुटतं. सांगलीच्या बाजारातला अक्रोड मात्र कागदी सालीचा, पहिल्याच ठोक्याला भुगा झाला. “तिथलं लय टणक आसत्यात,” ती खट्टू होऊन म्हणाली. “फोडताना घाम फुटतोय.”

“मग माझं संकट पण कागदी हाय म्हण,” आकाराम म्हणाला.

तो पाटावर बसला. तिनं तेलात बुडवलेल्या दूर्वेनं त्याच्याभोवती तीनदा तेलाची धार धरली, पूर्ण गोल. त्या कड्याच्या आत यमाला येता येत नाही. मग आपल्याकडचं कुंकू आणि अक्षता, मग निरांजन ओवाळलं. दोन्ही रीती तिनं एकामागून एक केल्या, कोणतीच सोडली नाही. तो हात गुडघ्यावर ठेवून, कवायतीला बसल्यासारखा ताठ बसला होता.

आरती झाली, ओवाळणी घातली, मी वहीत दूर्वा किती वेळा फिरवली ते लिहून घेतलं. तरी तो उठला नाही. भोवतीच्या तेलाच्या ओल्या रेघेकडे बघत होता.

“विजे,” तो म्हणाला, “ह्यातनं भाईर कवा पडायचं?”

ती ताट आत नेत होती. वळूनही न बघता म्हणाली, “मी सांगीन तवा.”